पत्त्यातलं चित्र, कहाणीतली म्हातारी आणि आपण

(सार्वजनिक व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



सुरुवातीलाच सांगून टाकते, आज मी कुणाचंही भविष्य सांगणार नाही. मघाशी दारात एका काकूंनी मला हळूच बाजूला घेऊन विचारलं, "मुलाच्या लग्नाचं जरा बघाल का?" काकू, माफ करा. मला ते येत नाही, आणि कुणाला येतं असं मला वाटतही नाही. (हशा)

मग हातात हे टॅरोचे पत्ते कशाला? आणि पत्त्यांच्या जोडीला परीकथा आणि कहाण्या कशाला? तर गेली काही वर्षं आम्ही आठ-दहा जणी महिन्यातून एकदा एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतो. मध्ये एखादा पत्ता ठेवतो, नाहीतर एखादी जुनी गोष्ट मोठ्याने वाचतो, आणि त्या निमित्ताने स्वतःबद्दल बोलतो. तिथे काय घडतं, ते आज सांगायचंय. त्या खोलीत मला स्वतःबद्दल एक न आवडणारी गोष्ट कळली. तीही सांगणार आहे, पण थोडं थांबा.

आधी हे पत्ते आहेत तरी काय ते बघू. टॅरो म्हटलं की डोळ्यांसमोर अंधारी खोली येते, मेणबत्ती येते, आणि कुणीतरी सांगतं की हे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे. तसं काही नाही. हा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तयार झालेला पत्त्यांचा डाव आहे. त्याच्या आधी साधे पत्ते इजिप्तच्या मामलुक राजवटीकडून युरोपात पोचले होते. त्यांच्यावर पेले, नाणी, तलवारी आणि पोलो खेळायच्या काठ्या असायच्या. इटलीतल्या लोकांनी त्यात चित्रांचे आणखी पत्ते घातले. एकूण ७८ पत्ते. त्यातले ५६ साधे, चार रंगांचे, आणि २२ चित्रांचे. मेंढीकोटात आपण हुकूम ठरवतो ना? तसे यातले २१ पत्ते कायमचेच हुकूम, आणि एक वेडा, तो सगळ्यांहून निराळा. मिलानच्या सरदारघराण्यांनी सोन्याचा वर्ख लावून हे पत्ते रंगवून घेतले, ते खेळायला आणि मिरवायला. आपल्याकडे सावंतवाडीला गोल गंजिफा रंगवतात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते असतात. हातात देव असतात, पण डाव डावच असतो. तसंच हे.

मग भविष्य कुठून आलं? तर १७८१ मध्ये कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने लिहिलं की हे पत्ते म्हणजे इजिप्तच्या पुरोहितांचा लपवून ठेवलेला ग्रंथ आहे. आता गंमत बघा, इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कुणाला वाचताच येत नव्हती. शाँपोलियोंने ती उलगडायला सुरुवात केली १८२२ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. पण तोवर लोकांना ही कल्पना आवडून गेली होती.

माझ्या हातात आहे तो जोड मात्र बराच अलीकडचा. १९०९ साली लंडनमध्ये छापलेला. कल्पना ए. ई. वेट यांची, आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. या बाईंबद्दल मला दोन शब्द जास्त बोलायचेत, कारण आजच्या विषयाची गाठ तिथेच आहे. त्यांचं लहानपण काही काळ जमैकात गेलं. तिथे त्यांनी अनान्सी नावाच्या लबाड कोळ्याच्या लोककथा ऐकल्या. १८९९ मध्ये त्यांनी त्या कथांचं सचित्र पुस्तक काढलं, आणि लंडनच्या बैठकांमध्ये त्या गोष्टी रंगवून सांगायच्या. म्हणजे ही मूळची गोष्टी सांगणारी बाई. म्हणून काय झालं, की तोवर साध्या पत्त्यांवर बहुतेक वेळा नुसते पाच पेले, नाहीतर सात तलवारी असायच्या. हिने बहुतेक पत्त्यांवर माणसं काढली. कुणी पेले मागे टाकून निघून चाललाय. कुणी रात्री अंथरुणात उठून बसलंय आणि तोंड दोन्ही हातांनी झाकलंय. प्रत्येक पत्ता म्हणजे एका गोष्टीतला अर्धवट प्रसंग. पुढचं-मागचं बघणाऱ्याने भरायचं. या एवढ्या कामाचे पैसे त्यांना फार थोडे मिळाले. १९५१ मध्ये त्या वारल्या, तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. जगभर विकल्या गेलेल्या या जोडावर कितीतरी वर्षं त्यांचं नावसुद्धा नव्हतं. पण पत्त्याच्या कोपऱ्यात एक छोटीशी वळणदार सही आहे, ती त्यांचीच. नंतर जवळून बघा.

आता एक पत्ता दाखवते. दहा काठ्या. मागे बसलेल्यांना दिसत नसेल, म्हणून सांगते. एक माणूस वाकून चाललाय. दहा लांब काठ्या त्याने दोन्ही हातांनी कवटाळल्यात, आणि तोंड त्यांच्यातच खुपसलंय. समोरचं त्याला काही दिसत नसणार. लांबवर घर दिसतंय.

आमच्या खोलीत हा पत्ता ठेवला, तेव्हा बँकेत नोकरी करणारी एक जण लगेच म्हणाली, "ही मीच." दुसरी म्हणाली, "घर आलंच की जवळ, थोडा दम धरायचा." तिसरीने विचारलं, "पण हे ओझं याच्यावर लादलं कुणी?" सगळ्यांचा रोख त्याची कीव करण्याकडे होता. आमच्यात एक मावशी आहेत. लहानपणी त्यांनी रानातून मोळ्या आणल्यात. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "याला मोळी बांधता येत नाही. दोरी लावायची आणि डोक्यावर घ्यायची, हात मोकळे राहतात, वाट दिसते. हा छातीशी धरून चाललाय. दुसऱ्या कुणी एक काठी घेऊ नये म्हणून."

खोली एकदम शांत झाली. बँकेतली ती मैत्रीण नंतर म्हणाली की त्या रात्री तिला झोप लागली नाही. घरात कुणी मदत करत नाही, ही तिची कायमची तक्रार. आणि नवऱ्याने भाजी चिरायला घेतली, की "राहू दे, तुला बारीक येत नाही" हेही तिचंच वाक्य.

इथे नेमकं काय घडलं, ते नीट बघू या. पत्त्याला तिच्याबद्दल काही माहीत नव्हतं. पुठ्ठ्याला काय माहीत असणार? मावशींनाही तिच्या घरातलं काही माहीत नव्हतं. त्या मोळीबद्दल बोलत होत्या. पण चित्र समोर होतं म्हणून त्यांना मोळीबद्दल बोलता आलं, आणि हिला ते स्वतःबद्दल ऐकता आलं. तेच तिला कुणी तोंडावर सांगितलं असतं, तर भांडण झालं असतं.

इटालो काल्विनो नावाचा एक मोठा इटालियन लेखक होता. त्याने १९५६ मध्ये इटलीच्या २०० लोककथांचं संकलन केलं, आणि पुढे टॅरोच्या पत्त्यांवर एक कादंबरी रचली. तिचा पहिला भाग १९६९ मध्ये आला. एका वाड्यात रात्री प्रवासी जमतात. रान ओलांडताना सगळ्यांची वाचा गेलेली असते. टेबलावर पत्ते असतात. मग प्रत्येक जण पत्ते मांडून आपली हकिकत सांगतो. पत्ते तेच, पण एकाने डावीकडून मांडलेली ओळ दुसरा उलटीकडून वाचतो आणि ती त्याची गोष्ट होते. आपली वाचा काही गेलेली नाही. पण जे सगळ्यात जवळचं असतं, तिथे आपल्याही तोंडून शब्द फुटत नाहीत, खरं की नाही?

आता तुमच्यातले चिकित्सक लोक म्हणतील, की कुठल्याही चित्रात माणूस स्वतःला शोधणारच, त्यात विशेष काय? बरोबर आहे. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली, आणि मग प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन हातात दिलं. हे वर्णन किती जुळतं ते ५ पैकी गुण देऊन सांगा, असं विचारलं. सरासरी ४ च्या वर गेली. मग त्यांनी उलगडा केला, की सगळ्यांना दिलेला कागद एकच होता, आणि त्यातली वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. "तुम्ही वरून खंबीर दिसता, पण आतून हळवे आहात" अशा थाटाचं वाक्य कुणाला जुळत नाही सांगा. (हशा)

हा धोका आमच्या खोलीतही आहे. चित्र बघितलं की आपण आपल्याला आवडणारी जागा पटकन पकडतो. गोष्ट ऐकली की आपण राजकन्या, आपण धाकटा मुलगा, आपण सिंड्रेला. आजवर मला एकही बाई भेटली नाही, जी म्हणाली की मी सिंड्रेलाची सावत्र बहीण आहे. आता जगात सिंड्रेला इतक्या, तर सावत्र बहिणी गेल्या कुठे?

म्हणून मी एक कसोटी वापरते. जी जागा गोड वाटते, ती नोंदवायची आणि बाजूला ठेवायची. जी जागा टोचते, तिथे थांबायचं.

आणि टोचलं की माणूस गोष्टच बदलून टाकतो, याचा पुरावा ग्रिम बंधूंच्या पुस्तकात आहे. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत स्नो व्हाइटला मारायला निघालेली राणी तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलची गोष्ट घ्या. घरात खायला नाही म्हणून मुलांना रानात सोडून यायचा हट्ट धरते ती सुरुवातीला त्यांची आईच. १८४० पर्यंत तीही सावत्र झाली. सख्खी आई असं करते हे ऐकवेना, म्हणून एक सावत्र आई उभी केली आणि आईला वाचवलं. हे आपणही करतो. राग येतो तो आपल्याच आईचा, आपल्याच मुलाचा, पण आपण तो सुनेवर काढतो, जावयावर काढतो, सोसायटीच्या सेक्रेटरीवर काढतो. म्हणून जुनी गोष्ट वाचताना मी विचारते, इथे सावत्र कुणाला केलंय?

आता माझी गोष्ट. श्रावणातल्या सोमवारची खुलभर दुधाची कहाणी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आजीकडून ऐकली असेल. आटपाट नगरातला राजा मोठा भाविक. त्याच्या मनात आलं, महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. दवंडी पिटली, घरातलं सगळं दूध देवळात आणा. लोकांनी भीतीने वासरांना पाजलं नाही, पोरांना दिलं नाही, होतं नव्हतं ते आणून ओतलं. गाभारा काही भरेना. दुपारी एक म्हातारी आली. तिने घरातल्या पोरांना, लेकीसुनांना दिलं होतं, वासरांना पाजलं होतं, आणि उरलेलं खुलभर, म्हणजे इवलंसं भांडंभर दूध घेऊन आली. तेवढं ओतलं आणि गाभारा भरला.

ही माझी लाडकी कहाणी. कितीतरी वर्षं मी ती सांगत आले, आणि सांगताना मी कायम ती म्हातारी असायचे. कारण मीही थोडक्यात बरंच काही केलं होतं ना! वस्तीतल्या मुलींसाठी मी घरात अभ्यासिका चालवली. वीस वर्षं. पैसा नव्हता, जागा नव्हती, आपलं खुलभर दूध घेऊन उभी राहिले, असं मला वाटायचं. लोकही तसंच म्हणायचे.

एकदा आमच्या खोलीत ही कहाणी वाचली. आमचा नियम असा, की आवडती जागा सोडून दुसरीकडे उभं राहून बोलायचं. मी म्हटलं, ठीक आहे, मी राजा होते. आणि राजा होऊन बोलायला लागले, "माझा हेतू चांगला होता. मी काही स्वतःसाठी मागत नव्हतो. देवासाठीच मागत होतो." एवढं बोलले आणि माझा आवाज थांबला.

मंडळी, ती अभ्यासिका आमच्या दोन खोल्यांच्या घरात भरायची. माझ्या मुलीने दहावीचा अभ्यास स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी स्टुलावर बसून केला, कारण बाहेरच्या खोलीत माझ्या पंचवीस मुली असायच्या. घरातलं सगळं दूध मी देवळात नेऊन ओतलं होतं. आणि गाभारा भरलाय असं मला एक दिवससुद्धा वाटलं नव्हतं. अजून दहा मुली हव्यात, अजून एक कपाट हवं, हेच सुरू होतं.

अभ्यासिका चुकीची होती असं मी म्हणत नाही. त्यातल्या कितीतरी मुली आज स्वतःच्या पायावर उभ्या आहेत. कहाणीतल्या राजाचाही देव खोटा नव्हता. पण वासराचं काय, हे त्याने विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मी मुलीला फोन केला. सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "हो आई, तसंच होतं." मग आम्ही पावसाबद्दल बोललो. सिनेमात होतं तसं रडणं, गळ्यात पडणं वगैरे काही झालं नाही. फक्त तिच्या खोलीत अभ्यासिकेच्या पुस्तकांची तीन कपाटं होती, ती मी त्याच आठवड्यात हलवली. दिवाळीला ती आली, तेव्हा तिने दारातून खोलीकडे बघितलं. काही बोलली नाही. पण त्या वेळी दोन दिवस जास्त राहिली.

तर घरी करून बघायचं असेल, तर कसं करायचं? पत्ता घ्या, नाहीतर लहानपणापासून आठवणारी एखादी गोष्ट घ्या. आधी फक्त दिसतंय ते सांगा. अर्थ लावायची घाई नको. "दुःखी माणूस" असं म्हणू नका, "वाकलेला माणूस, तोंड दिसत नाही" असं म्हणा. मग, मी यात कुठे आहे? पटकन येतं ते उत्तर लिहून ठेवा. मग जागा बदला. ज्याचा राग येतो, त्याच्या जागी उभे राहा आणि "मी" म्हणून पाच वाक्यं बोला. राक्षस व्हा, सावत्र बहीण व्हा, राजा व्हा. कुठे आवाज अडखळतो ते बघा. आणि शेवटी उद्या करता येईल असं एक छोटं काम ठरवा. कपाट हलवणं, फोन करणं, भाजी दुसऱ्याला चिरू देणं. एवढं केलं नाही, तर हा सगळा वेळ छान गेला, इतकंच म्हणायचं. एवढं बोलून थांबते. आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : हे मागच्या दाराने अंधश्रद्धा आणणं नाही का?

रास्त प्रश्न आहे, आणि महाराष्ट्रात तो विचारलाच पाहिजे. माझी सीमारेषा अशी. "काय होणार?" असं पत्त्याला विचारलं की अंधश्रद्धा सुरू झाली. "मला यात काय दिसतं?" असं स्वतःला विचारलं, तर ते चिंतन. साधं उदाहरण देते. दोन नोकऱ्यांमध्ये निवड होईना म्हणून देवापुढे चिठ्ठ्या टाकल्या. पुण्याची चिठ्ठी निघाली आणि पोटात धस्स झालं. तुम्हाला पुण्याला जायचं नव्हतं, हे त्या धस्स होण्याने सांगितलं. चिठ्ठीने काही सांगितलं नाही. आणि आजारपण, कोर्टकचेरी, पैशाची गुंतवणूक यात पत्ते मुळीच आणायचे नाहीत. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर थेट डॉक्टरांकडे जायचं.

प्रश्न : माझी बहीण दर आठवड्याला एका टॅरोवाल्यांना फोन करते, पैसे भरते. तिला काय सांगू?

ते खोटं आहे, हे सिद्ध करत बसू नका. ती तुमच्याशी बोलायची थांबेल. तिला विचारा, की फोन करण्याच्या आधी तुला काय ऐकायचं असतं? आणि मग ते ऐकून घ्या. बऱ्याचदा माणूस अर्धा तास कुणीतरी आपलं ऐकावं म्हणून पैसे भरत असतो. तो अर्धा तास तुम्ही देऊ शकलात तर बघा.

प्रश्न : माझी पत्नी गेल्या वर्षी गेली. या पत्त्यांत मृत्यूचाही पत्ता आहे म्हणतात. तो निघाला तर काय बघायचं?

(थोडं थांबून) हा बघा तो पत्ता. घोड्यावर सांगाडा आहे. राजा खाली पडलाय. धर्मगुरू हात जोडून समोर उभा आहे. एका तरुण मुलीने मान फिरवली आहे, तिला बघवत नाही. आणि एक लहान मूल आहे, ते गुडघ्यावर बसून सरळ वर बघतंय. पामेलाबाईंनी एकाच मरणापुढे चार माणसं काढली, आणि चौघांचं वागणं वेगळं. त्यातलं कुठलंही चूक नाही. काका, तुम्ही आज यातले कोण आहात, ते मला सांगू नका, घरी गेल्यावर स्वतःला सांगा. आज मान फिरवावीशी वाटली, तर फिरवा. वर्षभराने पुन्हा हाच पत्ता बघा, आणि तेव्हा कुठे उभे आहात ते मात्र मला येऊन सांगा. मी याच वाचनालयात असते, मागच्या खोलीत.